टाकीजवळच्या वळणावरचा दिवा

सूनबाई,

गाडीची किल्ली तुझ्या पर्समध्ये टाकली आहे. चिमणीला घेऊन शाळेत चालतच निघालोय, म्हणून तिला अर्धा तास आधी उठवलं. डबा घेतलाय.

डॅशबोर्डवरचा तो घसरत्या गाडीचं चित्र असलेला दिवा पाण्याच्या टाकीजवळच्या वळणावर रोज लुकलुकायचा आणि गाडी आपली आपणच ब्रेक मारायची. तीस वर्षं बस चालवलेल्या माणसाला गाडीने शिकवावं, हे काही मला पचेना. काल वैतागून त्याचं बटण दाबलं. लुकलुक थांबली, दिवा नुसता पेटून राहिला. म्हटलं, झालं काम! तर त्याच वळणावर मागचं चाक फूटपाथवर जाऊन आपटलं. चिमणी मागेच बसली होती. तिला काही लागलं नाही.

मेकॅनिक म्हणतो, दिवा लुकलुकला की समजायचं, गाडी घसरतेय आणि यंत्रणा तिला सावरतेय. पेटूनच राहिला तर यंत्रणा बंद. मग यंत्रणा चालू करून, मला शेजारी बसवून त्याने त्या वळणावरून चार फेऱ्या मारल्या. दिवा एकदाही लुकलुकला नाही.

वळण तेच, गाडी तीच. वेगही माझा नेहमीचाच होता, असं मला तरी वाटत होतं. बदलला तो फक्त चालवणारा.

किल्ली मी मागितली तरी देऊ नकोस.

बाबा