अकरा दिवसांचा नियम आणि अंदमान

१६ डिसेंबर १९७३
स्वतःच्या हातांनी केलेल्या वस्तू: पर्जन्यमापक (डालड्याचा डबा, पत्र्याचं नरसाळं, काचेची नळी, खुणा माझ्या). वाऱ्याचा कोंबडा. पाण्याखालचं बघायची पेटी, तळाला काच, सांध्यांना डांबर. दोघांपुरती घडीची छत्री.
लग्नाला आज सात दिवस. वय त्रेचाळीस, शिक्षण चौथी, बाकी सगळं स्वतः शिकलो. गिरणीत विणायचा साचा अडला की इंजिनियर मलाच बोलावतो. हनिमूनही तसाच, अचूक. ठिकाण अंदमान. महाबळेश्वरला कुणीही जातं.
गौरम्माला लग्नाआधीच शब्द दिलाय, समुद्र दाखवीन. छत्तीस वर्षांत तिनं सिद्धेश्वराच्या तळ्यापेक्षा मोठं पाणी पाहिलेलं नाही.

२३ डिसेंबर
अकरा दिवसांचा नियम पक्का. आमच्या गच्चीवर आज जे होतं, ते अकरा दिवसांनी अंदमानला होतं. वर्षभराच्या नोंदी पेपरातल्या हवामानाशी ताडल्या. चौदा वेळा जुळलं. बाकी वेळी पेपर चुकला.
गेल्या साली ३ जानेवारी कोरडी. म्हणून मद्रासहून १४ तारखेचं जहाज. इथून १२ला गाडी. पैसे पाठवले.

३० डिसेंबर
रोजचा कार्यक्रम: ७.०० प्रवाळदर्शन. ८.३० शहाळं, प्रत्येकी एक. ९.०० पोहणे. १०.१५ ते १०.४५ मोकळ्या गप्पा.
हौदात पेटीचा सराव. गौरम्माला दसऱ्याला हरवलेला माझा तांब्या तळाशी दिसला. प्रयोग यशस्वी.
गप्पा अर्धाच तास का, असं विचारत होती. १०.४५ला वारा फिरतो.

६ जानेवारी १९७४
मेव्हणा शिवयोगी आला. सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वजाची उंच काठी पेलतो. नवी पांढरी बाराबंदी शिवायला टाकली म्हणाला. कधी घालणार, मी विचारलं. माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, दाजी, तेराला देवाच्या लग्नाच्या अक्षता हाय की. तुमी सोलापूरचेच न्हवं?
जन्मापासून. यात्रा विसरलो नव्हतो. माझ्या तक्त्यात सणांचा रकाना नाही, एवढंच. हवामान सण पाळत नाही.

७ जानेवारी
गौरम्माचं म्हणणं, लग्नानंतरची पहिली यात्रा, सख्खा भाऊ काठी पेलणार, आणि मी गाडीत बसून ऱ्हाऊ व्हय? सासरी जेवायला गेलो. सासूबाईंनी दुसरी भाकरी वाढली नाही.
तिकिटं पुढं ढकला, अशी मद्रासला तार केली. ही माघार नव्हे. फेरआखणी.

१५ जानेवारी
जहाजाच्या कचेरीचं पत्र. २८च्या जहाजात दोन जागा राखून ठेवल्यात, वरच्या वर्गात, खिडकीसह; जादा बासष्ट रुपये. होकार १७च्या संध्याकाळपर्यंत तारेनं. त्यानंतर जमणार नाही. मलाही जमणार नाही, गिरणीनं एवढी लांब रजा पुन्हा नाही म्हणून सांगितलंय.
गौरम्मानं ट्रंक परत भरली. समुद्राचा आवाज येतो का, हे दोनदा विचारलं. परवा अक्षतांच्या गर्दीतनं आल्यापासून तेच चाललंय.

१७ जानेवारी, सकाळी ७.०५
मापकात सहा मिलिमीटर. आकाश स्वच्छ, अंगण कोरडं, तरी सहा. पहाटे एखादी सर गुपचूप पडून गेली असणार. पाण्याला किंचित निळसर छटा: ढग समुद्राकडचा.
सतरा अधिक अकरा, अठ्ठावीस.

सकाळी ११.००
गौरम्माला गणित दाखवलं. म्हणाली, पडला तर पडला पाऊस, समुद्र आधीच वला असतोय की. शिवाय छत्री केलीय तुमी. छत्री उन्हाची आहे, हे समजावलं. म्हणाली, मग उन्हात जाऊ, पण जाऊ.
शास्त्राला असं बोलून चालत नाही.

दुपारी ३.२०
तार केली. नकार.

दुपारी ४.००
ती ट्रंक रिकामी करतेय. मुळीच आवाज न करता. राग नसावा.

२८ जानेवारी
गच्चीवर नरसाळं पुसत होतो. गौरम्मा कपडे वाळत घालायला आली. दोरी बरोबर नरसाळ्यावरनं गेलेली. ही इथं कधीपासून, विचारलं. म्हणाली, सोळापासनं. यात्रेत शिवयोगीची बाराबंदी लई मळली होती, धुऊन नीळ घातली न् रातभर हितंच टाकली, उजाडायच्या आत काढली. लई ठिबकत होती.
नियमात दोष नाही. दोरीत आहे.
तिला काही सांगितलं नाही.
मग ती तळ्याकडं निघाली. दारातनं म्हणाली, चौफेर पाणी, मधी देऊळ, बेटच की ते. पेटी घेऊन येता का? सहाची नोंद व्हायची आहे म्हटलं. एकटीच गेली.
सायं. ६.००. पाऊस शून्य. वारा नाही. पेटी कोपऱ्यात.
नोंद असावी म्हणून: आजच्या जहाजात दोन जागा देऊ केल्या होत्या, खिडकीसह. मी नाही म्हणालो. जादा भरायचे होते बासष्ट रुपये.