सॉनाच्या कोपऱ्यातला धोंडा

प्रिय मेव्हणे ओइवा यांस,

तैस्तोचा नमस्कार. तुमचा गुडघा आता वाकतो असं कळलं, बरं वाटलं. इथे तुमची बहीण केर्त्तू खुशाल आहे, डास तिच्याहून खुशाल आहेत. सरोवराकाठचा तुमचा सॉनाही, म्हणजे ती वाफेने न्हायची लाकडी खोली, तशी ठीक आहे. (त्याबद्दल पुढे लिहितोच, उभ्याने वाचू नका.)

आमची तुइस्कू तुम्हाला ठाऊकच आहे. अकरा वर्षं आम्ही दोघं लॅपलंडचं रान तुडवतो आहोत. ती वासावर खनिजाचे धोंडे शोधते, मी ते हातोड्याने फोडतो, आणि पगार मला मिळतो. पण कुत्री कंपनीची. आमच्या नव्या साहेबीण रिक्काबाई विमानातून खनिज शोधतात. बर्फ वितळताना त्यांनी बोलावून सांगितलं, "तैस्तो, थंडीच्या आत हिने काही शोधलं तर ठीक, नाहीतर दक्षिणेतल्या एका कंपनीला देऊन टाकू. घरांच्या भिंतींतली बुरशी हुंगायला." मातीखालचं तांबं ओळखणारं ते नाक, मेव्हणे, लोकांच्या न्हाणीघरात. मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

जूनमध्ये सुट्टीला तिला इथे आणलं. आल्या आल्या ती सॉनाच्या मागच्या कोपऱ्याशी जाऊन बसली आणि भुंकायला लागली. खनिज सापडलं की बसून भुंकायचं, असं तिला शिकवलेलं. मी म्हटलं, म्हातारी झाली. केर्त्तू म्हणाली, "तिला अंघोळ करायची असेल. सगळेच तुझ्यासारखे टाळत नाहीत." चार दिवस हेच चाललं. पाचव्या दिवशी मी (तुम्हाला न विचारता, हे कबूल) कोपऱ्याखालचा धोंडा पहारीने ओढून काढला आणि फोडला. आत तांबं आणि निकेल नुसतं लखलखत होतं. चाळीस वर्षांत असा दगड माझ्या हाती आला नव्हता. तुइस्कूच्या गळ्यात पडून मी चक्क रडलो. तेवढ्यात मागे करकर आवाज झाला आणि सॉना खाली टेकला. दार आता उघडत नाही, पण भिंत फाकल्यामुळे आत जाता येतं.

लोभ आहेच, इथवर वाचूनही तो राहावा.

तुमचा
तैस्तो

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. सॉना बांधताना तो धोंडा तुम्ही कुठून आणलात? एवढं कळवा, म्हणजे तुइस्कू माझ्याजवळ राहील.

ता. क. २ पत्र पेटीत टाकायच्या आधी केर्त्तूने वाचलं. म्हणाली, "दादा मरतानाही सांगणार नाही. त्याच्या हिल्लाच्या दलदलीतला आहे तो." हिल्लाची पिवळी रानफळं कुठे मिळतात हे आपल्याकडे कोणी बायकोलाही सांगत नाही, आणि ही तीस वर्षं तुमच्या पाठोपाठ जाऊन तिथेच बादल्या भरते आहे. तिने नकाशावर बोट ठेवलं आणि वर म्हणाली, "यंत्रं आली की फळं संपली. बघ बाबा." पत्र तसंच ठेवलं.

ता. क. ३ आठवडा गेला. आज रिक्काबाईंना फोन करून सांगितलं की तुइस्कूचं नाक गेलं, सॉनावर भुंकते. "अरेरे," त्या म्हणाल्या, "मग बुरशीवालेही घेणार नाहीत. तुम्हीच ठेवून घ्या तिला." तिच्याबद्दल मी पहिल्यांदाच खोटं बोललो, तेही ती शेजारी बसलेली असताना. मला फार लाज वाटली. तेव्हा जागा कळवू नका. जॅक घेऊन या, म्हणजे सॉना उचलून धोंड्याचे तुकडे पुन्हा कोपऱ्याखाली गाडून टाकू. ती अजून तिथेच बसून भुंकते आहे, आणि तिचं बरोबर आहे.