नव्या फोनचा माइक

पोलादपूर, मंगळवार संध्याकाळ

नव्या फोनचा माइक पहिल्या दिवसापासून खराब आहे. मला समोरचं स्वच्छ ऐकू येतं, माझा आवाज मात्र पोचत नाही. महाडचा दुकानदार म्हणाला, "मॅडम, किरकोळ दोष आहे, आठ दिवस फोन ठेवून जा." शाळेत परीक्षा, म्हणून टाळलं. का टाळलं मी?

सकाळी वर्गात असताना बाबांचा फोन आला. "गो, बोल ना. बोलत का नाय?" मी बाहेर येऊन ओरडत होते. "रागावलीस काय अजून?" म्हणाले आणि फोन ठेवला. दिवाळीत जमिनीवरून आमचं वाजलं, त्यानंतर आज पहिल्यांदा त्यांनी आपणहून फोन केला होता. दुसऱ्या कुणाच्या फोनवरून लगेच लावायला हवा होता. तास संपल्यावर लावू म्हटलं.

तास संपायच्या आत भावाचा फोन. बाबांना अर्धांगाचा झटका आला, वाचा गेली.

एसटीने इथे दवाखान्यात पोचले. कानाशी वाकून म्हटलं, "बाबा, मी बोलत होते. फोन बिघडलाय." त्यांनी नुसतं पाहिलं. डॉक्टर म्हणतात, ऐकू येत असेल. तेव्हापासून तेच पुन्हा पुन्हा सांगतेय.