मुरमाडीच्या चढासाठी केलेली गाडी

मी गोटीराम पुंजा मंडलिक, वय वर्षे बहात्तर, धंदा फुलशेती, शिक्षण सातवी नापास, राहणार पिंपळगाव बहुला, सातपूरच्या पुढे, तालुका व जिल्हा नाशिक, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या घराच्या ओट्यावर बसून लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. डॉ. तेजस्विनी भामरे यांनी मला तपासून तसा दाखला दिला आहे आणि तो सोबत टाचला आहे, कारण माझा थोरला मुलगा जीवन उद्या म्हणेल की नानांना शेवटी शेवटी काही कळत नव्हतं. मला कोणी धमकावलेलं नाही, फूस लावलेली नाही, दारू पाजलेली नाही. उलट गेले दोन महिने घरात माझ्याशी धड कोणी बोलत नाही.

याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. कोणी दाखवलं तर ते खोटं समजावं.

शेजारचे शेखर थेटे कोर्टात कारकून होते. वरची वाक्यं कशी लिहायची ते त्यांनी सांगितलं. त्यांनी बजावलंही होतं, "गोटीभाऊ, मृत्युपत्रात मालमत्ता लिहितात, कार्बोरेटर लिहीत नाहीत." मी म्हणालो, आधी ऐकून तर घ्या. त्यांना दूध आणायला जायचं होतं. म्हणून त्यांचं वर लिहिलं आणि माझं खाली लिहितो.

कलम १. राहतं घर. हे माझ्या बायकोच्या, नवसाबाईच्या हयातीपर्यंत तिचं. तिच्या पश्चात जीवन आणि धाकटा कुंदन यांना निम्मं निम्मं. पण उगवतीकडची खोली, जिला बाहेरून वेगळं दार आहे, ती माझी मुलगी सुवर्णा हिची. ती नाशिक रोडला दिलेली आहे, तिचं बरं चाललं आहे, तिने काही मागितलेलं नाही. तरी माहेरी आल्यावर कोणाला विचारून झोपायची पाळी तिच्यावर येऊ नये. त्या दाराची कडी खालून ढिली आहे. मी सांगून थकलो, कोणी बसवत नाही.

कलम २. सातपूरच्या बँकेतलं खातं माझ्या आणि नवसाबाईच्या जोडनावाने आहे, ते तिचं. पासबुक गव्हाच्या कोठीमागे आहे. कोठीत नाही, कोठीमागे. मागच्या वेळी कोठीतला सगळा गहू उपसला होता.

कलम ३. मळा. शेजारच्या बेळगाव ढगा गावच्या डोंगराखाली आमचा मळा आहे. तो वडिलोपार्जित नाही. मी आणि नवसाबाईने शेवंती, झेंडू आणि मोगरा विकून घेतला, तेव्हा मुलं शाळेत होती, त्यामुळे त्यावर कोणाचा जन्मापासूनचा हक्क नाही. हा संपूर्ण मळा, विहिरीसकट, मी नवसाबाईला देतो. ठेवायचा, विकायचा, पडीक टाकायचा, हे तिने ठरवायचं. तिच्या अंगठ्याशिवाय त्यात कोणी काही करू नये.

याचं कारण लिहायला हवं. जीवनला मळा विकायचा आहे आणि मी गेल्यावर आईला इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये न्यायचं आहे. त्याच्या मनात वाईट नाही. तो म्हणतो आईचा गुडघा गेलाय, तिला वर कोण नेणार. त्याचं चुकत नाही हे मला कळतं, म्हणूनच जास्त राग येतो. मागच्या उन्हाळ्यात ती चार दिवस त्याच्याकडे राहिली आणि एकटी रिक्षा करून परत आली. मी विचारलं, काय झालं. म्हणाली, "काय नाय. खिडकीत बसून ऱ्हायचं. समोरच्या खिडकीत बी एक म्हातारीच बसलेली. दोघी एकमेकीकडं बघतो."

तर मळ्यात जायला एकच वाट आहे. एका बाजूला नाला, दुसऱ्या बाजूला फॉरेस्टचं कुंपण. चारचाकी जात नाही. शेवटी मुरमाडीचा चढ आहे, सगळा सुटा मुरूम. तिथे फक्त मोटरसायकल चढते, तीही उंच असली तर. म्हणून पुढचं कलम.

कलम ४. मोटरसायकल. ही दीडशे सीसीची, उंच, लांब शॉकअपची आहे. डांबरावर चालते आणि मातीतही चालते. नाशिक रोडच्या एका गृहस्थाकडून जुनी घेतली. कंपनीने ही गाडी बनवणं कधीच बंद केलं आहे, त्यामुळे पार्ट शोधत फिरावं लागतं. एकट्याला ती कुठेही नेते. पण मागे नवसाबाई आणि तिच्या मांडीवर फुलांची टोपली असली की मुरमाडीच्या मध्यावर, बाभळीपाशी, जीव सोडायची. पहिल्या गियरमध्येही क्लचचा वास यायचा. मग नवसाबाई उतरायची आणि गुडघा धरत चढ चालून यायची. मी वर उभा.

गेल्याच्या आधीच्या गुढीपाडव्याला सगळे जेवायला बसले होते. जीवन म्हणाला, "नाना, ज्या दिवशी आई न उतरता ही गाडी तुम्हा दोघांना वर नेईल, त्या दिवसापासून मळा विकायचं नाव मी काढणार नाही. शब्द." तो हसत म्हणाला. मी हसण्यावर नेलं नाही.

मोठा पिस्टन टाकायची माझी ऐपत नाही. थोडक्या खर्चात जेवढं होईल तेवढं करायचं ठरवलं. तर सगळ्यात आधी कुंदन मध्ये पडला. "नाना, गाडीला श्वासच घेता येत नाय. मोकळी करावी लागंल." त्याने मूळ सायलेन्सर काढून एक पोकळ नळकांडं बसवलं. एअर फिल्टरच्या डब्याच्या तोंडाशी रबरी नळी असते ती काढली, वर डब्याच्या झाकणाला भोकं पाडली. आवाज असा झाला की सातपूरपर्यंत कुत्री मागे लागायची. आणि ओढ उलट कमी झाली. भरधाव वेगात ती पळायची, हे खरं. पण मुरमाडीवर भरधाव वेग आणायचा कुठून? हवा जास्त जायला लागली आणि पेट्रोल तेवढंच, त्यामुळे इंजिन तापून पाय भाजायचा, अ‍ॅक्सिलरेटरचा हात सोडला की फटाके वाजायचे, प्लग काढून बघितला तर खडूसारखा पांढरा. कुंदन मोबाईल घेऊन आला. "व्हिडिओत बघा ना, तो पोरगा कसा उडतोय." मी म्हणालो, त्या पोराच्या मागे तुझी आई बसलेली नाही.

मग सातपूरचा धम्मपाल मिस्त्री. तो म्हणाला, काका, हवा वाढवली तर कार्बोरेटरमधला जेटही, म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक भोकही, मोठं लागतं. हे बरोबर बोलला. पण जेट लागत होता तो टाकला नाही, हाताशी होता तो टाकला. प्लग काळा कुळकुळीत, मागून धूर, आणि गाडी पेट्रोल पाण्यासारखी प्यायला लागली. मी परत गेलो तर म्हणतो, "चालवून चालवून बसंल आपोआप, काका." जेट चालवून लहान होत नाही. पुढे गाडी त्याच्याकडे आषाढभर पडून राहिली, मी बसने हेलपाटे घातले, आणि शेवटी भांडून मूळच्यापेक्षा एकच नंबर मोठा जेट बसवून घेतला. डब्याचं झाकण भोकं बुजवून लावलं, फक्त ती रबरी नळी काढलेली ठेवली. मूळ सायलेन्सर परत चढवला. कुंदन तो भंगारात देणार होता, मी पलंगाखाली ढकलून ठेवला होता म्हणून वाचला.

खरा फरक पडला तो चेनच्या पुढच्या लहान दातेरी चक्राने. त्याला सगळे स्पॉकेट म्हणतात. एक दात कमी असलेलं बसवलं. वेग गेला, ओढ आली. कुंदन म्हणाला, "नाना, हायवेला आता ट्रॅक्टर साइड मागतो." मला हायवेला जायचं नाही. याशिवाय इंजिन थंड असताना टॅपेट, म्हणजे व्हॉल्ववरची फट, मापून लावून घेतले, मागचा ब्रेक घासत होता तो मोकळा केला, पुढचं लोखंडी जड गार्ड काढून टाकलं. ब्रेक घासतोय हे दोन वर्षांत मला एकानेही सांगितलं नव्हतं. त्यात कोणाला काही मिळत नाही ना.

मागे पोत्यात ओली माती बांधून मी चढ चढून बघितला. गाडी न थांबता वर गेली. नवसाबाई विहिरीपाशी उभी होती. म्हणाली, "माझं वजन पोत्यात भरलं व्हय?"

मग पौषात एका रविवारी जीवनला बोलावलं. तो नाल्याशी कार लावून चालत वर गेला आणि मोबाईल धरून उभा राहिला. मी खालून निघालो. मागे नवसाबाई, मांडीवर टोपली. मुरमाडी लागली, पहिला गियर, गाडी अशी चढत होती की मला वाटलं हिला आणखी एखादं माणूस चाललं असतं. बाभूळ आली. नवसाबाईने माझ्या खांद्यावर हात ठेवला. नेहमी उतरताना ठेवते तसा. आणि अ‍ॅक्सिलरेटरवरचा माझा हात आपोआप ढिला पडला. गाडी थांबली. ती उतरली, टोपली डोक्यावर घेतली आणि चालायला लागली.

वरून जीवन म्हणाला, "उतरली ना नाना? संपलं."

मी म्हणालो, गाडी चढत होती.

"आई, तू का उतरलीस?"

"चढ हाय ना," ती म्हणाली आणि पुढे गेली.

तेव्हापासून मी घरात फारसा बोललेलो नाही. तिला विचारलेलंही नाही. विचारून काय, पैज तर गेली. दोन पावसाळे मी त्या गाडीपाठी घालवले, हातांचं ग्रीस निघत नाही, आणि ती खांद्यावर हात ठेवते.

म्हणून मी असं लिहितो की ही गाडी नवसाबाईच्या मालकीची. चालवणारा कुंदन. अट अशी की त्याने तिला मुरमाडीवर उतरू देऊ नये. तिने खांद्यावर हात ठेवला तरी थांबू नये.

कलम ५. पाने, स्क्रू ड्रायव्हर, टॅपेट मापायच्या पट्ट्या आणि हवेचा पंप धम्मपालला द्यावे. आषाढात त्याने मला काय काय ऐकवलं ते मी विसरलेलो नाही. पण घरातली मुलं पान्याने खिळे ठोकतात. त्यापेक्षा त्याच्याकडे असलेले बरे. कुंदनचं पोकळ नळकांडं कोणालाही देऊ नये.

कलम ६. कलम चारची दुरुस्ती. काल इथपर्यंत लिहिलं आणि सही करण्याआधी नवसाबाईला सगळं वाचून दाखवलं. तिला वाचता येत नाही, आणि तिच्या नावावर काय होतंय ते तिला माहीत असायला हवं. ती शेवंतीच्या काड्या निवडत होती. मळ्याचं ऐकताना तिचे हात चालूच होते. गाडीचं कलम संपल्यावर म्हणाली, "थांबू नये असं लिवलं?"

मी म्हणालो, हो.

"मग मी उडी मारीन."

मी म्हणालो, अगं गाडी चढते. तुला उतरायची गरज नाही. एवढ्यासाठी तर सगळं केलं.

ती म्हणाली, "माहेरी बैलगाडी चढाला लागली की आम्ही सगळी उतरायचो. बाळंतीण सुदिक उतरायची. वढणारा चढावर असला की वर बसून ऱ्हायचं नाय. बसवतच नाय मला. अंग चोरल्यासारखं व्हतं."

मी म्हणालो, गाडी काय जनावर आहे का?

"कण्हती तर तशीच."

मी म्हणालो, मग हे आधी सांगायचं ना. इतक्या दिवसांत एकदा तरी सांगायचं.

"तुम्ही इचारलं कुठं? तुम्ही सॉकेट बदलत व्हता."

रात्री जेवलो नाही. ती म्हणाली, जेवा, तुमच्यासाठी थांबून पोत्याला भूक लागली आसंल. मग जेवलो.

तरी मला चैन पडेना. पहाटे उठून हे लिहितो आहे. जीवनने पैज जिंकली असं समजावं, मी नाही म्हणत नाही. पण मळा आता पैजेवर नाही, तो नवसाबाईचा आहे, आणि आई न उतरता वर जात नाही म्हणून मळा विका असं त्याने पुन्हा म्हणू नये. ती उतरते ती गाडी हरते म्हणून उतरत नाही. त्या दिवशीच्या मोबाईलमध्ये गाडीचा आवाज असेल, तो त्याने एकदा नीट ऐकावा.

कलम चारमधली न थांबण्याची अट मी रद्द करतो. तिच्या जागी हे.

कुंदन, आईला रोज सकाळी ऊन व्हायच्या आत मळ्यात घेऊन जायचं आणि आणायचं. सायलेन्सर, जेट, स्पॉकेट, यातलं काही बदलायचं नाही. टॅपेट इंजिन थंड असतानाच लावायचे, गरम असताना लावशील आणि मग मला दोष देशील. बाभळीपाशी ती खांद्यावर हात ठेवेल. ठेवला की थांबायचं. "बस ना आई" म्हणायचं नाही. तू वर जाऊन गाडी बंद करायची आणि ती येईपर्यंत थांबायचं, मोबाईल बघत नाही, तिच्याकडे बघत.

पण गुडघा कोणाचा ऐकत नाही. एक दिवस असा येईल की बाभूळ येईल आणि खांद्यावर हात येणार नाही. ती बसून राहील. तेव्हा मागे वळून बघू नको, काही विचारू नको, तिला लाज वाटेल. पहिला गियर, क्लच पूर्ण सोडलेला, हात एकसारखा. वेग नको. गाडी दोघांना घेऊन वर जाईल. मी तिला त्या दिवसापुरती तयार करून ठेवली आहे.

एवढं माझ्या मनाप्रमाणे लिहून झालं. मी हे पुन्हा एकदा वाचलं आहे. खाडाखोड जिथे आहे तिथे माझी आद्याक्षरं आहेत. हे अमलात आणायची जबाबदारी शेखर थेटे यांच्यावर टाकतो. त्यांनी कार्बोरेटरसकट सगळं वाचलं असून आता हरकत घेतलेली नाही.

ठिकाण: पिंपळगाव बहुला, नाशिक
दिनांक: १० मार्च २०२५

सही: गोटीराम पुंजा मंडलिक

गोटीराम मंडलिक यांनी आम्हा दोघांच्या समोर सही केली आणि आम्ही त्यांच्या समोर केली.

साक्षीदार १: शेखर निवृत्ती थेटे, राहणार पिंपळगाव बहुला
साक्षीदार २: डॉ. तेजस्विनी भामरे, सातपूर