उलट्या तोंडाचा चतुर

कानाझावा, सहाव्या महिन्याची तेरावी

ती. कान्बेई भावोजींना यासुकेचा वाकून नमस्कार. तुमची सराय पाहुण्यांनी भरलेली असेल, कंबर आता सरळ होत असेल आणि ओसेनताईचं तोंड नेहमीसारखंच चालू असेल, असं धरून चालतो. मी जिवंत आहे. परवा दुपारी त्याचीही खात्री नव्हती.

झालं असं, की सामुराई हिरोतासाहेबांनी तलवारीच्या मुठीवर बसवायला सोन्याच्या चतुर-किड्यांची जोडी सांगितली होती. चतुर मागे म्हणून उडत नाही, पुढेच जातो, म्हणून लढवय्यांचा लाडका (साहेबांची लढाई फक्त पोटाशी, आणि तीही ते रोज हरतात, पण ते असो). अट एकच: दोन्ही चतुरांची तोंडं पात्याकडे हवीत, म्हणजे तलवार उपसली की शत्रूवर झेप. मी नेमकी ती मुठीच्या बुडाकडे बसवली (कारण पुढे सांगतो). वरून रेशमी दोर आवळून झाला होता (तो सोडून पुन्हा आवळायला चार दिवस), आणि साहेब दुसऱ्याच दिवशी महाराजांच्या लवाजम्याबरोबर एदोला निघायचे!

साहेब आले, सोबत त्यांच्या ऐंशीच्या आईसाहेब. तलवार उपसली मात्र, चेहरा उकडलेल्या खेकड्यासारखा लाल. "अरे यासुक्या, हा तर माझ्याच पोटावर चालून येतोय! महाराजांपुढे मी पळपुटा ठरणार!" वीस वर्षांचं नाव गेलं, दुकान गेलं, कदाचित मुंडकंही, असं वाटून कपाळ जमिनीला टेकवलं ते उचलवेना.

तेवढ्यात आईसाहेब म्हणाल्या, "ओरडू नकोस. म्यान कर आणि कमरेला खोच बघू." साहेबांनी खोचली. आता भावोजी, कमरेला तलवार असली की मूठच पुढे असते ना? चतुर थेट रस्त्याकडे तोंड करून ऐटीत! "बघ," म्हातारी म्हणाली, "तुझं ऐकलं असतं तर जन्मभर तुझ्या बेंबीकडे बघत बसला असता. आणि उपसतोस कधी रे तू? तीस वर्षांत एक कलिंगड कापलंस, तेही वाकडं!"

साहेब खुलले. मीही हळूच म्हटलं, "तोच विचार करून बसवले, साहेब." (बुद्ध मला क्षमा करो.)

आपला, मुंडक्यासकट,
यासुके

ता. क. गेल्या खेपेला माझा चष्मा तुमच्या माडीवर राहिला. ते कारण हेच. पाठवून द्या.

आणखी एक. लवाजमा आठवड्याभरात तुमच्याच सरायीत उतरतोय, म्हणून हरकाऱ्याला पळवतोय. साहेबांच्या मुठीचं हवं तेवढं कौतुक करा, पण पातं बघायला मागू नका. चारचौघांत ते उपसलं, की चतुर त्यांच्या पोटावर आणि साहेब माझ्या मानेवर. आणि कलिंगड द्यायचंच झालं, तर पाया पडतो, आधी कापून द्या.