कच्च्या टाक्याची गाठ

आई,

काल दुपारी ते पुस्तक मी कपाटातून बाहेर काढलं. हिल स्टेशनवरच्या हॉटेलात खून होतो, ते. तू गेलीस तेव्हा ते तुझ्या उशीशी होतं आणि त्याचं शेवटचं प्रकरण तू नेहमीसारखं दोऱ्याने शिवून ठेवलं होतंस. त्याला अकरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी तो दोरा कापला नाही. ते प्रकरण आपण दोघांनी मिळून वाचायचं ठरलं होतं, मी आलो नाही म्हणून ते राहिलं, आणि खुनी कोण हे न कळताच तू गेलीस, असं मी धरून बसलो होतो. लोकांना आईवडिलांच्या बाबतीत केवढ्या मोठमोठ्या गोष्टी सलतात. मला ही सलत होती. कुणाला सांगितलं असतं तर हसले असते, म्हणून सांगितलं नाही.

तसं माझं बरं चाललंय. पन्नाशी उलटली, साखर थोडी वाढलीय, वाचन मात्र झकास. गेल्या महिन्यात एक भयकथा वाचली. जुनी इमारत पाडून तिथे टॉवर उभा राहतो, आणि नव्या लिफ्टमध्ये रोज कुणीतरी अनोळखी म्हातारं माणूस चढतं आणि विचारतं, आमचा मजला कुठला? एवढंच. पण लेखकाने असं काही रंगवलंय की पुढचे चार दिवस मी सात मजले जिन्याने चढलो. बायकोने वॉचमनला सांगितलं, साहेबांना डॉक्टरने व्यायाम सांगितलाय. बाहेरच्या देशातल्या थरारकथाही आता मराठीत ढिगाने येतात. त्यांत बर्फ असतो, बायको सोडून गेलेला इन्स्पेक्टर असतो आणि तो दिवसभर नुसती कॉफी पीत हिंडतो. तू म्हणाली असतीस, ह्याका कोण वायच भात वाढूक नाय काय? आपल्या कोकणावरही एक मिळाली. भूत चांगलं होतं, पण लेखकाने भर आषाढात, भातलावणी सोडून, बायकांना कुळीथ पेरायला लावलं होतं. तिथे मला तुझा आवाज स्पष्ट ऐकू आला, "भूत रवांदे, आधी कुळीथ कधी पेरतत तां शीक मेल्या!" मध्ये एक पुस्तक बिनखुनाचंही वाचलं, एका निवृत्त पोस्टमनने आपल्या रोजच्या वाटांवर लिहिलेलं. शेवटपर्यंत कोणी मेलं नाही आणि तरी आवडलं. वय झालं बहुतेक.

निम्मी पुस्तकं आता फोनवर असतात. फोनला टाका घालता येत नाही, त्यामुळे शेवटचं प्रकरण आलं की मी स्वतःच थांबतो, स्वयंपाकघरात जातो आणि बायकोला माझा संशय कुणावर आहे ते सांगतो. ती म्हणते, "मला काय सांगतोस? मी वाचलंय का ते?" पण सांगितल्याशिवाय मला पुढे जाताच येत नाही. ही खोड तू लावलीस.

ती लागली माझ्याच चुकीने, हे कबूल. मी आठवीत होतो. रहस्यकथा हातात आली की आधी शेवट वाचायचा आणि जेवताना सगळ्यांसमोर खुनी सांगून टाकायचा, हा माझा धंदा होता. तू तेव्हा चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये शिलाईच्या कारखान्यात जायचीस. दिवसभर कॉलरींना, पँटींच्या कडांना कच्चे टाके घालायचीस. वरून मशीन मारून झालं की तो कच्चा दोरा ओढून काढायचा. असंच एकदा तू कामावरून आलीस, सुई ओवलीस आणि वाचनालयातून आणलेल्या कोऱ्या पुस्तकाचं शेवटचं प्रकरण सरळ शिवून टाकलंस. पांढरा दोरा, तांदळाच्या दाण्याएवढे टाके, एक इकडे नाही की एक तिकडे नाही. म्हणालीस, आता बघ शेवट.

मग तो आपला रिवाजच झाला. आधी तू वाचायचीस, मग मी, दोघंही शिवणीपाशी येऊन थांबायचो. मला अजून ती रविवारची दुपार दिसते. तू ताटात तांदूळ निवडते आहेस, मी ओट्यावर पाय हलवत बसलोय, पुस्तक आणि कात्री दोन्ही तुझ्या मांडीशी.

"खुनी कोण तां आधी सांग. मगे दोरो."

"घरमालक."

"पुरावो?"

"तो सारखा घाम पुसतो."

"घाम मी पण पुसतंय. मग मी केलंय काय खून?"

तुझी स्वतःची पद्धत वेगळीच होती. खून झाल्यावर ज्याला भूक लागते तो खुनी, हा तुझा सिद्धान्त. प्रेत सापडल्यावर जो दुसऱ्यांदा वाढून घेईल त्याच्यावर तू बोट ठेवायचीस, आणि दहातल्या सहा वेळा बरोबर निघायचीस. मग दोरा कापायचा, एका टोकाला धरून सर्रकन ओढायचा, आणि मी मोठ्याने वाचायचो. बाबा आतून म्हणायचे, "कसली खुनाखुनीची पुस्तकं वाचता मायलेक, जरा चांगलं काही वाचा." पण शेवटची दोन पानं आली की दारात येऊन उभे राहायचे.

या सगळ्यात वाट लागली ती वाचनालयवाल्या काकांची. सेक्टरमधल्या पिठाच्या गिरणीशेजारी त्यांचा एवढासा गाळा. रहस्यकथांच्या शेवटच्या पानांनाच बारीक भोकं पडतात आणि प्रेमकथांना पडत नाहीत, हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांना वाटलं, कसर लागली. त्यांनी त्या फळीवर डांबरगोळ्यांची पिशवीच रिकामी केली. आणखी भोकं पडली, आणखी गोळ्या आल्या. तू तोंडाला पदर लावून बाहेर यायचीस. मला आजही खुनाचं पुस्तक उघडलं की आधी डांबरगोळ्यांचा वास येतो. पुढे त्यांनी वाचनालय बंद केलं तेव्हा तू निरोप घ्यायला गेलीस, तर त्यांनी सगळ्या रहस्यकथा एका गोणीत बांधून तुझ्यासमोर ठेवल्या आणि म्हणाले, "घेऊन जा वहिनी. भोकं तुमचीच आहेत." म्हणजे त्यांना माहीत होतं. कधीपासून, ते आपण विचारलं नाही. हॉटेलचं पुस्तक त्याच गोणीतलं, आपलं वाचायचं राहिलेलं, म्हणजे बिनभोकाचं.

पण मला आज सांगायचंय ते नववीच्या मे महिन्याचं. तू कामावर गेली होतीस, मला राहवेना. मी दोरा कापला, शेवट वाचला आणि तुझ्याच डब्यातली सुई घेऊन ते परत शिवलं. अगदी त्याच भोकांतून नाही जमलं, पण टाके बऱ्यापैकी आले. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला बटण लावायला शिकवलं होतं, म्हणून शेवटी मागच्या बाजूला छान घट्ट गाठही मारली. संध्याकाळी तू विचारलंस, आणि मी एका दमात खुनी सांगितला, हत्यार सांगितलं, कुठे पुरलं तेही सांगितलं. तू पुस्तक उलटं केलंस आणि त्या गाठीवर नख ठेवलंस.

"ही गाठ कोणी मारली?"

मी सुईच्या डब्याकडे बघितलं.

"कच्च्या टाक्याक गाठ मारूची नसता. उसवूचो असता म्हणान तर तो कच्चो." मग नखाने पानावरची भोकं मोजलीस. दोन ओळी होत्या, एक तुझी, एक माझी. "शेवट बघलंस तर बघलंस. पण येऊन सांगूचा. लपवूचा नाय."

मारलं नाहीस. तीन दिवस तू नवं पुस्तक एकटीने वाचलंस आणि मला त्यातलं एक अक्षर सांगितलं नाहीस. त्यापेक्षा मार परवडला असता. चौथ्या दिवशी जेवताना आपणहून म्हणालीस, "ह्या पुस्तकातली नर्स माका बरी दिसना नाय," आणि मला भात जास्त गेला.

पुढे बाबा गेले, माझं लग्न झालं, आम्ही बोरिवलीला आलो. तू चारकोप सोडायला तयार नव्हतीस. पण पुस्तक एक आणि रविवार ठरलेला, हे चालूच होतं. शेवटच्या वर्षी तुला दोन जिने चढलं की दम लागायचा. वाचताना लागत नाही ना, मग झालं तर, म्हणायचीस. हॉटेलच्या पुस्तकात तुझा संशय डॉक्टरवर होता, कारण मालकाचं प्रेत खाली असताना त्याने दुसरं ऑम्लेट मागवलं. माझा मालकाच्या वहिनीवर. तू म्हणालीस, "रविवारी ये, बांगड्याचो तिखलो करतंय. मगे कापूया दोरो." रविवारी सकाळी मी फोन करून सांगितलं की ऑफिसचं काम आलंय, आज जमणार नाही. तू म्हणालीस, बरा, पुढच्या रविवारी. मंगळवारी सकाळी शेजारच्या काकूंचा फोन आला. झोपेतच गेलीस.

काल घराला रंग काढायचा म्हणून कपाटं रिकामी करत होतो. बायकोने ते पुस्तक माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "अरे, एकदाचं वाच तरी. नाहीतर मला दे. अकरा वर्षं काय अंडं उबवतोयस?" मला आधी राग आला, मग वाटलं, बरोबरच बोलतेय. मी कात्री घेऊन खिडकीपाशी बसलो. चांगलं लख्ख ऊन होतं. दोरा कुठून कापावा म्हणून पुस्तक उलटं केलं, तर मागच्या बाजूला गाठ.

पहिल्यांदा वाटलं, शेवटी शेवटी तुझे हात थरथरत असतील, दोरा सुटू नये म्हणून मारली असशील. पण टाके तुझेच होते, तांदळाच्या दाण्याएवढे, एकही वाकडा नाही. असे टाके घालणारा हात थरथरलेला नव्हता. मग मी चष्मा पुसला आणि पान उजेडात धरलं. टाक्यांच्या शेजारी भोकांची आणखी एक ओळ होती, रिकामी. म्हणजे ते दोनदा शिवलं होतं. पुरावो काय, विचारशील, तर हा घे पुरावो. तू पहिला दोरा ओढलास, शेवट वाचलास, आणि मग परत शिवून गाठ मारलीस, मला एक ना एक दिवस दिसावी म्हणून.

आई, मी शंभराव्या पानाच्या आत खुनी ओळखतो म्हणून ऑफिसात फुशारक्या मारतो, आणि माझ्याच कपाटातली गाठ मला अकरा वर्षं दिसली नाही.

मी तिथे बसून हसलो, आणि मग रडलोही. बायको धावत आली, "काय झालं रे?" मी म्हटलं, "आईने शेवट वाचला होता." तिला मी काल पहिल्यांदाच सगळं सांगितलं. ती हसली नाही. गाठीवरून बोट फिरवून म्हणाली, "मग? त्या काय तुझ्यासाठी थांबणाऱ्या होत्या?" तिचं हे बोलणं ऐकून मला इतकं हलकं वाटलं की मी उठून दोघांना चहा टाकला.

मग दोरा कापला आणि मोठ्याने वाचलं. बायको ऐकत होती. खुनी वहिनीच. डॉक्टरला नुसती भूक लागली होती. म्हणजे तू हरलीस, आणि हरल्याचं कळल्यावरही लपवलं नाहीस, गाठ मारून ठेवलीस. मला वाटतं तू गालातल्या गालात हसत शिवलं असशील. मी तसंच धरून चालणार आहे.

हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच. आता शेवटच्या प्रकरणात ठेवून वरून टाका घालीन. माझे टाके अजून वाकडेच येतात. गाठ मात्र मारणार आहे, कारण शेवट बघितला तर येऊन सांगायचं, लपवायचं नाही, असं तू म्हणाली होतीस, आणि माझं एक सांगायचं राहिलंय. त्या रविवारी ऑफिस बंद होतं. मी घरीच होतो. एका भयकथेची चाळीसेक पानं उरली होती आणि ती खाली ठेववेना. मी फोनवर काम, काम म्हणत होतो तेव्हा मागे आमच्या कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या. तू जरा थांबलीस आणि म्हणालीस, "बरा. सावकाश कर काम. पुढच्या रविवारी ये." त्या शिट्ट्या तुला ऐकू आल्या नसतील, असं मी इतकी वर्षं स्वतःला समजावत होतो. काल गाठ बघितल्यापासून ते जमत नाही; त्या गाठीने तू आपलं सांगितलंस आणि माझंही विचारलंस, असं वाटतं.

आणि ती भयकथा, आई, काही एवढी खास नव्हती.