मंजीची अक्षरं हलतात

ता. ९ जाने. ८४
सकाळी धुकं. बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत टांगले, जबड्यात जबडा अडकवून. बांबू दिसेनात, मासे नुसते हवेत लोंबत होते. नात मंजी हाताशी. पोरीचा हात चलाख, पण पुस्तक उघडलं की मेलेली कोलंबी. दुसऱ्यांदा तिसरीत बसलीय. तिच्या बापाने, म्हणजे माझ्या हरेशने, लहान टोपली आणून कोपऱ्यात ठेवली. "यंदा नापास झाली तर शाळा बंद. आईबरोबर मासे विकायला बोयसरच्या बाजाराला." स्वतः सातवीत तीनदा बसला होता, ते विसरला.

ता. १४
संक्रांत. मं.ला धडा वाचायला बसवलं. घडाघडा म्हणाली. मी चौथी शिकलेली, पण डोळे हायत. पान उलटायच्या आधीच पुढच्या पानावरचं बोलत होती.
"पाठ केलास?"
"शेजारच्या कुंदाने वाचला, मी ऐकला."
अख्खा धडा ऐकून तोंडपाठ! मग ढ कशी? मारायला हात उचलला होता.
"आजी, अक्षरं हलतात."
"म्हणजे कशी?"
"भरतीच्या पाण्यात आपला पाय दिसतो ना, तशी."
हात खाली ठेवला.

ता. २ फेब्रु.
ओहोटी. समुद्र पार लांब गेलेला. ओल्या वाळूत काठीने अक्षरं काढली, होडीएवढी मोठी. मं. त्यांच्यावरून चालत वाचत गेली. "ही हलत नाय." मी पुढे काढत, ती मागून वाचत. कुठवर गेलो कळलंच नाय, घरं एवढीशी दिसायला लागली. पाणी परतलं तेव्हा शेवटची दोन वाचायची राहिली होती.
पण पुस्तक वाळूएवढं कुठून आणू?

ता. ११
चूल पेटवताना काडेपेटी संपली. आतला खण काढला, दोन्हीकडून उघडं खोकं विळीवर कापून बुटकं केलं, पुस्तकावर उभं ठेवलं. आत एकच शब्द. मं.ने डोळा लावला. मग, "आजी, इथे उभा राहतो." वाचला. खोकं सरकवलं. पुढचा. खेकड्याच्या चालीने, पण वाचलं.
हरेश हसला, "आता काडेपेटीत शाळा?"
"तुझ्या टोपलीपेक्षा बरी."

ता. २६ मार्च
पहाटे स्वप्न. वलांडीवर बोंबलांच्या जागी अक्षरं. ओली, टपटप गळत होती. मी काढायला गेले तर मं. म्हणे, राहू दे, अजून वाळायचीत. जाग आली तर पोरगी खरंच ओट्यावर बसलेली, खोकं घेऊन. अर्ध्या पानावर आलेली.
मास्तर भेटले. म्हणाले, परीक्षेला खोकं नको, मुलं हसतात. म्हटलं, "मास्तर, तुमच्या चष्म्याला कोण हसतं?" ते हसले. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत.

ता. १० एप्रिल
आज तोंडी वाचन. मं.ची वेणी घातली. खोकं मुठीत धरून निघाली, मी बघितलं. मागाहून उंबऱ्याबाहेर पाय टाकला तर खोकं ओट्यावर, नीट मधोमध. विसरली? की ठेवून गेली?
घेऊन पळत सुटले. शाळेच्या वळणावर पोचले आणि घंटा झाली. मं.ने मागे बघितलं. खोकं हातात वर धरलं मी. तिने बघितलं, आणि आत गेली.
येताना खोक्याला डोळा लावून समुद्र बघितला. एकच होडी मावली. उभी होती.
हरेश दारातच. "काय झालं?"
म्हटलं, "ती येऊन सांगेल. तोवर टोपलीला हात लावू नको."